आडनावातला ळ परत द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझे आडनाव काळे. गेल्या वर्षी एका दाखल्यावर मी ‘काले’ झालो. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, “अर्ज इंग्रजीत भरलाय ना, मराठी नाव कॉम्प्युटर आपोआप घेतो.” दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र मागितले. म्हणजे चूक यंत्राची आणि शपथेवर सांगायचे मी!

एका अक्षराने काय बिघडते? काळे हे कुणा सावळ्या पूर्वजावरून पडले असावे. ‘काले’ हे कशावरून पडले म्हणायचे? काणे या आडनावात एका डोळ्याने अधू असलेला ‘काणा’ ऐकू येतो. रोमन लिपीतून परत आणा, त्याचे ‘काने’ होते, कधी थेट ‘केन’. टिळकांचे ‘तिलक’ तर इतके रुळले आहे की आता खटकतही नाही.

आडनावे म्हणजे आपले घरोघरी जपलेले दप्तर आहे, साहेब. कुलकर्णी गावाचा हिशेब लिही, देशपांडे परगण्याचा. ही वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या. आडनावे मात्र सगळ्या कायद्यांना पुरून उरली. चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस यांच्या शेपटाशी फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, अंग चोरून बसला आहे. फडणवीसांत तो अख्खा शाबूत आहे, तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठकीत उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही. ‘कर’वाल्यांचे तर पत्तेच आडनावात. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि गोव्यातले ते गाव जगभर पोचले. एकबोटे, वाघमारे, डोईफोडे यांच्यामागे काय घडले असेल, याची कल्पना करत मी लहानपणी बऱ्याच दुपारी घालवल्या आहेत.

नावाचा अर्थ सरकारला वाचता येत नाही, असेही नाही. मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवत. मुलगी नको होती म्हणून ‘नकोशी’. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकोशींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. तेव्हा प्रशासनाने नाव नुसते नोंदवले नाही, ते ऐकले.

तेच आता करा. जन्मनोंदणीपासून प्रत्येक अर्जात नाव आधी देवनागरीत, ज्याचे त्याने सांगितल्याप्रमाणे घ्या आणि रोमन रूप त्यावरून करा. आज गाडी उलटी चालते. यंत्राने केलेली चूक प्रतिज्ञापत्राशिवाय, विनाशुल्क सुधारून द्या. आपल्या विभागाने आडनावांचा कोशही करावा, पण त्यात जातीचा रकाना नको. पवार, जाधव, मोरे, शिंदे अनेक जातींत आहेत, आणि आडनाव विचारून जात काढणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, पेढे आम्हीही वाटले. त्याच मराठीतला ळ मात्र माझ्या दाखल्यावर अजून आलेला नाही. अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

आपला,
एक काळे
(दाखल्यानुसार काले)