केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तुझा रिपोर्ट पाहिला. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) फार कमी आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होतोय, असाच अर्थ कुणीही काढेल. पण तुला ना धडधड, ना हातांना थरथर, वजनही आहे तेवढंच. म्हणून तर दुसरं काय घेतेस ते खोदून विचारलं. त्या केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, आहे. शरीराला रोज लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास!

बाबा, मी लॅबमध्ये नक्की काय करते असं तुम्ही नेहमी विचारता ना? हेच. पाण्यात रेणू एकमेकांना कसे धरतात आणि कधी सोडतात, ते पाहते. पाण्याचे रेणू आपसांत सतत बंध जोडत-तोडत असतात. एकेक बंध टिकतो जेमतेम सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढा. या गर्दीत इतर दोन रेणूंना जवळ यायचं तर मधलं पाणी आधी हटावं लागतं. त्यामुळे बऱ्याच जोड्या जुळतात नि सुटतात. बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाची जोडी मात्र विलक्षण. प्रथिनात बायोटिनच्या नेमक्या मापाचा खळगा असतो. ते आत शिरलं की तिथलं पाणी बाहेर पडतं, चहूबाजूंनी हायड्रोजन बंध जुळतात आणि प्रथिनाचाच एक पदर वरून मिटतो. मग सहजी सुटका नाही. मला या जोडीचं अजून अप्रूप वाटतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असंच प्रथिन असतं. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्चा पांढरा बलक खाऊ घातला, तर त्यांचे केस गळाले. त्यांचं बायोटिन त्या पांढऱ्या बलकाने धरून ठेवलं होतं, हे पुढे कळलं.

या घट्ट पकडीमुळेच अनेक लॅबमधल्या चाचण्या याच जोडीवर चालतात. टीएसएच पकडणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) बायोटिन जोडलेलं असतं आणि त्याला ओढून घ्यायला स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेले सूक्ष्म मणी असतात. रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असलं, की पंगतीत आगंतुकांनी आधीच पानं अडवावीत तसं होतं. प्रतिपिंडाला जागा उरत नाही, टीएसएच खोटंच कमी दिसतं. टी-४ च्या चाचणीचा हिशेब उलटा असतो, संकेत कमी तर आकडा जास्त. म्हणून दोन्ही आकडे मिळून हुबेहूब डोस जास्त झाल्यासारखे दिसू शकतात.

तेव्हा आई, थायरॉइडची गोळी स्वतःहून कमी करू नकोस. डॉक्टरांना केसांच्या गोळीची बाटली दाखव. त्यांना विचारून केसांची गोळी बंद कर आणि निदान दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा रक्त दे. बाबा, त्यांची चाचणी बायोटिनवर चालते का, हे तुम्ही लॅबला फोन करून विचारा. सगळीकडे तीच पद्धत नसते. आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनीच. पोटात कॅल्शियमही तिला धरून बसतं, मग ती रक्तात पुरती पोचत नाही.

नवा रिपोर्ट आला की लगेच पाठवा.

तुमची,
मृण्मयी