पाजी, तुमच्या त्या तीन तासांबद्दल

आदरणीय पाजी,

सत श्री अकाल.

ट्रक चालवायला शिकवल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बस झालं, टायर बघितलेस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून काढतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नांदेडच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या सरदारजींचे आभार लातूरच्या माणसानं मराठीतच मानायला हवेत. शिवाय गावाकडची पोरं हल्ली मला अमेरिकेतल्या ट्रकच्या कामाबद्दल विचारतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो. गाडीत सोबतीला माणूस कसा मिळेल, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते आधी तेच विचारायला हवं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथल्या नियमानं एका ड्रायव्हरला ११ तास गाडी चालवता येते, मग सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. एकटा माणूस असला की तेवढा वेळ ट्रक उभा. म्हणून मोठ्या कंपन्या घाईचा माल दोघांच्या जोडीला देतात. एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर झोपतो. कॅलिफोर्नियातून निघालेला माल आय-८० हा महामार्ग धरून सुमारे २,९०० मैलांवरच्या न्यू जर्सीत अडीच-तीन दिवसांत पोचतो, तो असा.

कागदावर हे सोपं दिसतं. पण भरलेला ट्रक ८०,००० पौंडांचा, म्हणजे ३६ टनांचा. मागं ५३ फुटांचा ट्रेलर. स्टिअरिंगवर नुकतंच लायसन्स मिळालेला मी, आणि पडद्यामागं, बर्थचा पट्टा लावून झोपायचं तुम्ही. शिकाऊ परवाना असेपर्यंत जाणत्या ड्रायव्हरला शेजारी बसावंच लागतं. पक्कं लायसन्स हातात आलं की ती सक्ती संपते. ट्रेनरनं झोपून घेतलं तरी चालतं, आणि बरेच जण झोपतात. त्यांनाही पुढचे ११ तास चालवायचे असतात, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

तुम्ही मात्र नियमातली एक सवलत माझ्यासाठी वापरलीत. विश्रांतीच्या १० तासांपैकी निदान ७ सलग बर्थमध्ये काढले, तर त्यांना लागून ३ तासांपर्यंत चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलेलं विश्रांतीत धरतात. तुमची पाळी संपली की तुम्ही ते तीन तास माझ्या शेजारी बसायचात. अकरा तास गाडी चालवून पाठ आखडलेली असायची, डोळे लाल झालेले असायचे. कंपनीनं ते सांगितलेलं नव्हतं, आणि त्याचा एक पैसाही मिळत नव्हता. तुमची झोप तुम्ही मला दिलीत, पाजी. मी तेव्हा तोंडानं नीट धन्यवादही म्हटलं नाही, कारण सगळं लक्ष आरशांत असायचं.

त्या तासांत तुम्ही बोलायचात कमी. ओरेगॉनमध्ये पेंडलटनच्या वर तो कॅबेज हिलचा उतार आहे, आय-८४ वर, सहा टक्क्यांचा, मधे मोठी वळणं. माथ्यावर पोचायच्या आधीच तुम्ही वेग उतरवायला लावलात. खाली जाताना इंजिन ब्रेकवर, म्हणजे इंजिनच्याच जोरावर गाडी हळू करणाऱ्या ब्रेकवर, भार ठेवायचा, ठरलेल्या वेगाच्या वर गेलं की पायानं एकदा नीट ब्रेक दाबून वेग ताशी पाचेक मैलांनी कमी करायचा आणि पाय काढायचा. सारखा पाय ठेवून ब्रेक तापवायचे नाहीत. हे लायसन्सच्या पुस्तकात मी वाचलं होतं. पण तुम्ही जे म्हणालात ते पुस्तकात नव्हतं: "मागचा माणूस दचकून उठला तर समज, ब्रेक उशिरा लागला." तेव्हापासून मी गाडी मागं झोपलेल्या माणसाच्या हिशेबानं चालवतो. समोरच्या गाडीपासूनचं अंतर, लेन बदलणं, सिग्नलला थांबणं, सगळं त्यावरच ठरतं.

पाळी बदलतानाची तुमची शिस्त तर मी जशीच्या तशी उचलली आहे. दोघांनी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायची. नवा ट्रेलर जोडला की आधी ओढून बघायचं, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता खाली वाकून फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकवरच्या ट्रेलर अडकवायच्या चकतीचा, जबडा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीभोवती, बंद झालाय का ते डोळ्यांनी बघायचं. वजनकाट्यावर मागच्या जोड-अ‍ॅक्सलचं वजन ३४,००० पौंडांच्या आत आहे ना, कॅलिफोर्नियात शिरणार असू तर किंगपिनपासून मागच्या अ‍ॅक्सलचं अंतर ४० फुटांच्या आत आहे ना, डिझेल किती, पुढं हवामान काय, कुठं काही आवाज येतोय का, हे सगळं सांगूनच झोपायला जायचं. आणि तुमचं ते पहिल्या दिवसाचं वाक्य: "शंका आली की मला उठवायचं. लाजायचं नाही."

ते वाक्य वायोमिंगमध्ये कामी आलं. लॅरामी आणि रॉलिन्सच्या मधे एल्क माउंटनपाशी वारा किती भयंकर असतो हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. आपला ट्रेलर त्या रात्री हलका होता, आणि हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद होऊ शकतो असे फलक लागत होते. तेवढ्यात कंपनीच्या रात्रपाळीच्या माणसाचा फोन, की माल सकाळी पोचलाच पाहिजे. मी तुम्हाला उठवलं. मला वाटलं तुम्ही स्टिअरिंग घ्याल. तुम्ही शेजारी बसलात आणि विचारलंत, "तुला काय वाटायलंय?" मी म्हटलं, थांबावं. तुम्ही फोन घेतलात आणि शांतपणे सांगितलंत की रस्ता धोक्याचा असेल तर ड्रायव्हरनं थांबायचं हा कायदा आहे, आमचा ड्रायव्हर थांबतोय. 'आमचा ड्रायव्हर' म्हणालात, 'शिकाऊ' नाही. आपण लॅरामीत गाडी लावली आणि तुम्ही कुकरमध्ये पिठलं शिजवलंत.

मैलांवर पगार असणारा माणूस रिकाम्या पार्किंगात तासभर उभा राहून दुसऱ्याकडून रिव्हर्स घोटून घेतो, तेव्हा तो स्वतःच्या कमाईतून देत असतो. तुम्ही ते कितीदा केलंत. "थांब, उतर, मागं जाऊन बघ, मग ये. घाई कुणासाठी करायलास?" हे मी आजही माल चढवायच्या-उतरवायच्या डॉकवर मनात म्हणतो.

आणखी एक. लातूरहून आईचा फोन आला होता, रात्री कोण चालवतं म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. तुम्ही फोन मागून घेतलात आणि "मावशी, मी नांदेडचा, काळजी करू नका" म्हणालात. त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. भाभीजींचेही आभार. सुट्टीच्या दिवशी घरी नेऊन त्यांनी मला पोटभर जेवू घातलं, वर वाटेत खायला पराठे बांधून दिले.

दिवाळीनंतर मी गावी जातोय. आईला घेऊन नांदेडला हजूर साहिबला जायचं ठरलंय, तिचाच हट्ट आहे. तुमच्या घरी काही पोचवायचं असेल तर लवकर सांगा. माझी एक बॅग अजून रिकामी आहे.

तुमचा,
लातूरचा जोडीदार