गच्चीवर हॅम रेडिओची अँटेना उभारण्यास देखभालीच्या अटींसह परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वार्षिक सभेत माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून दूरच्या लोकांशी बोलण्याच्या बिनतारी संचाच्या, अँटेनेचा विषय आयत्या वेळच्या विषयांत निघाला. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते, मंडळी उठायच्या बेतात होती आणि ‘टॉवर’ म्हटल्याबरोबर सर्वांच्या डोळ्यांपुढे मोबाइल कंपनीचा टॉवर उभा राहिला. विषय तिथेच बारगळला. म्हणून सगळे तपशील सविस्तर लिहून देत आहे. समितीने ते शांतपणे वाचावेत आणि मग निर्णय घ्यावा, एवढीच विनंती.

मला टॉवर नको आहे. बी विंगच्या लिफ्ट मशीन रूमच्या बाजूला सहा मीटर लांबीचा एक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करायचा आहे. पाइप दीड इंची, मध्यम जाडीचा, वजन साधारण एकवीस-बावीस किलो. त्याच्या वरच्या टोकापासून तांब्याची तार दोन बाजूंना उतरत येईल, प्रत्येक बाजू सुमारे दहा मीटर. पाइपच्या अगदी वर अर्ध्या मीटरची एक उभी दांडी असेल. तिथून एक काळी कोअ‍ॅक्सियल केबल खाली माझ्या खिडकीपर्यंत, घरातल्या रेडिओ संचाकडे येईल. बस, एवढेच. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की स्लॅबवर एक टन भार येतो. त्यापुढे हे वजन समितीने विचारात घ्यावे इतकेही नाही.

तार इतकी लांब का, असे मला विचारले गेले होते. मी प्रामुख्याने ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतो. तिथे एक लहर साधारण बेचाळीस मीटरची असते आणि साधी द्विध्रुवी (दोन सारख्या बाजूंची) अँटेना तिच्या निम्म्या लांबीची लागते, म्हणजे वीस मीटरच्या आसपास. घरात ती मावत नाही, आणि मावली तरी चहूबाजूंच्या सळ्यांच्या जाळ्यात तिचा उपयोग शून्य. या पट्ट्याचा गुण असा, की कमी उंचीवर बांधलेल्या तारेतून निघालेली लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत सगळीकडे उतरते. त्यामुळे दिवसा मुलुंडहून पुणे, नाशिक, कोल्हापूरशी बोलता येते. मध्ये सह्याद्री असला तरी अडत नाही. एकही मोबाइल टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि वीज गेली तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

हे मी छंदाचे कौतुक म्हणून सांगत नाही. २६ जुलै २००५ आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन लागेनासे झाले आणि घरची माणसे कुठे अडकली आहेत हे कळायला मार्ग उरला नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, या प्रत्येक वेळी देशातल्या हॅम मंडळींनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅम भारती प्रसाद हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, बाकीची संपर्कयंत्रणा कोलमडली आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानातल्या लोकांची खबर मुख्य भूमीवर येऊ लागली. त्यांची अँटेना आधीच उभी होती, म्हणून ते जमले. भर वादळात गच्चीवर चढून कोणी तार बांधू शकत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. माझ्या मते सर्वांत रास्त आक्षेप वरच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. गेले दोन पावसाळे त्यांच्या बेडरूमचे छत गळते आहे. गच्चीच्या कोब्यात कोणी एकही भोक पाडू नये, हे त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. चायना मोझॅकमधून आत गेलेले पाणी ब्रिकबॅटच्या (विटांच्या तुकड्यांच्या) थरात फिरत राहते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. भोक एकीकडे आणि गळती दुसरीकडे, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यालाही ते सापडत नाही. म्हणून या कामात गच्चीच्या पृष्ठभागाला ड्रिल लागणार नाही. पाइप लिफ्ट रूमच्या आरसीसी कॉलमला, उभ्या बाजूवर, दोन क्लॅम्पनी धरला जाईल. विटांच्या भिंतीत फास्टनर ठोकणार नाही, कारण वीट हलली की फास्टनर सुटतो. पाइप झुकू नये म्हणून लावायच्या ताणांसाठी टाकीच्या आरसीसी खांबांना पट्टे गुंडाळीन, त्यालाही भोक लागत नाही. तारेच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या कठड्याला बांधणार नाही. आपला कठडा चार इंची विटेचा आहे, त्याच्यावर कसलाच ताण टाकणे बरोबर नाही. त्या दोऱ्या रबरी मॅटवर ठेवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधल्या जातील आणि वॉटरप्रूफिंगच्या कामाच्या वेळी ते ठोकळे दोन माणसांना उचलून बाजूला करता येतील.

वाऱ्याचा हिशेब मी केला आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या वेगाला आपल्या पाइपवर साधारण ४१ किलोचा आणि तारेवर पाच-सहा किलोचा जोर येतो. इमारतीच्या उंचीसाठी चतुर्थांश वाढवला तरी एकूण साठ किलोच्या आतबाहेर. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ रोजी, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला होता, हे लक्षात घेतले तर या हिशेबात भरपूर वाव आहे. फिरणारी मोठी यागी (अनेक आडव्या दांड्यांची) अँटेना आणि जाळीचा टॉवर यांचे गणित वेगळे असते. त्यांना वारा कितीतरी जास्त लागतो आणि आपल्या गच्चीवर ते उभारू नयेत असे माझेही मत आहे. माझ्या हिशेबावर विसंबू नका. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तो तपासून घ्या, त्यांची फी मी देईन.

विजेचे म्हणाल तर पाइप आपल्या इमारतीच्या लाइटनिंग अरेस्टरच्या (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीला जोडला जाईल आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून होईल. अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असल्याचे लेखी समितीला मिळेल. ती मोजणी बऱ्याच वर्षांत झालेली नाही. त्या निमित्ताने संपूर्ण इमारतीचे अर्थिंग तपासले जाईल, हा सर्वांचाच फायदा. केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोट अडवणारे उपकरण) असेल आणि वळवाचे ढग जमले की मी केबल काढून ठेवतो, हा माझा कायमचा शिरस्ता आहे.

पण खरे सांगायचे तर अँटेना उभारणे हा सोपा भाग आहे. ती पाच वर्षांनीही तशीच भक्कम राहणे हा कठीण भाग आहे, आणि समितीने माझ्याकडून सर्वांत जास्त पक्के करून घ्यावे ते हेच. आपल्याच गच्चीवर बघा. ए विंगच्या बाजूला जुन्या भाडेकरूंच्या डिश अँटेना अजून पडून आहेत. त्यांतल्या एकीच्या तीन बोल्टांपैकी एक गळून पडला आहे, दुसऱ्याला हात लावला तर गंजाचे पापुद्रे बोटाला येतात, आणि ती थाळी खालच्या पार्किंगच्या बरोबर वर आहे. तिला धरून ठेवणारे कोणी नाही, कारण तिचा मालक कोण हे कोणालाच माहीत नाही. गच्चीवरून वस्तू पडतात त्या बहुतेक अशा बेवारशी झालेल्याच असतात. म्हणून माझ्या पाइपवर माझा सदनिका क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली पट्टी असेल, कोणालाही खालून वाचता येईल अशी.

ठाण्याच्या खाडीचा खारा वारा इथपर्यंत येतो, त्यामुळे साधे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत कामातून जातात. क्लॅम्प आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे असतील. पाइप अखंड असेल, मध्ये सांधा नाही, कारण गंज आधी सांध्यात बसतो. वरचे तोंड टोपीने बंद आणि तळाला पाणी जायला छोटे छिद्र. दोऱ्या काळ्या पॉलिएस्टरच्या असतील. नायलॉन भिजले की ताणते आणि साधी पिवळी प्लॅस्टिकची दोरी उन्हात भुगा होते. दोरी जिथे काँक्रीटच्या कडेला घासते तिथे जाड पाइपचा तुकडा चढवावा लागतो, नाहीतर एका पावसाळ्यात तिथेच कातरली जाते. केबलच्या जोडाला आधी रबरी चिकटपट्टी, वरून पीव्हीसी टेप, आणि जोडाखाली केबलला एक वळण, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. पाणी आत शिरलेच तर तांब्याची जाळी काळी पडते. ते डोळ्यांना दिसायच्या आधी एसडब्ल्यूआर मीटरला (अँटेनेकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते ते दाखवणाऱ्या) कळते, म्हणून त्याचे आकडे मी दरमहा वहीत लिहितो. पाऊस लागला की आकडा चढतो आणि ऊन पडले की उतरतो, असे दिसले तर जोड उघडायचाच.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, समितीच्या एका सदस्यासमोर पूर्ण तपासणी व्हावी आणि तिची नोंद सोसायटीच्या फाइलीत राहावी. चक्रीवादळाचा इशारा आला तर त्याच दिवशी तार उतरवेन. मी गावी असलो तर उतरवू शकेल असा आणखी एक परवानाधारक मित्र जवळच राहतो, त्यांचा नंबर सेक्रेटरींकडे देऊन ठेवीन.

किरणोत्साराची भीती काही सभासदांनी बोलून दाखवली. मोबाइलचा टॉवर चोवीस तास प्रक्षेपण करतो. माझा संच मी बटण दाबून बोलतो तेवढाच वेळ. परवान्यानुसार मला जास्त शक्तीची मुभा असली तरी या इमारतीतून ५० वॅटच्या वर जाणार नाही, हे लिहून देतो. मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांना मोठा व्होल्टेज असतो, हात लागला तर भाजू शकते. म्हणून टोके गच्चीच्या जमिनीपासून तीन मीटरच्या खाली येणार नाहीत आणि तिथे पाटी असेल. पतंग उडवणाऱ्या मुलांसाठी संक्रांतीच्या दिवसांत तार मी स्वतःच उतरवून ठेवीन. कोणाच्या टीव्हीत किंवा इंटरकॉममध्ये खरखर आली तर मला कळवावे. फेराइट (केबलवर चढवायची, खरखर रोखणारी कडी) आणि फिल्टर माझ्या खर्चाने बसवीन आणि दोष जाईपर्यंत प्रक्षेपण बंद ठेवीन.

‘उद्या सगळेच मागतील’ याला उत्तर असे, की सगळ्यांना मागता येणार नाही. हॅम परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, पैसे कमावण्यासाठी तो वापरता येत नाही. परवान्याची आणि जागेच्या आराखड्याची प्रत सोबत जोडली आहे. परवाना सरकारचा असला तरी गच्ची सर्व सभासदांची आहे, त्यामुळे तिच्यावर माझा हक्क आहे असे मी कधीच म्हणणार नाही. परवानगी तीन वर्षांपुरती द्यावी, अनामत रक्कम समिती ठरवील ती घ्यावी, त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा मी काढीन आणि फ्लॅट विकला तर ताबा देण्याआधी सर्व सामान काढून जागा पूर्ववत करीन. हे सर्व स्टँप पेपरवर करून घ्यावे. एखादी तपासणी चुकली तर परवानगी आपोआप रद्द होईल, असे कलमही त्यात घालावे.

आणखी एक. त्या अर्ध्या मीटरच्या दांडीवर १४५.८०० मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हॅम रेडिओ ऐकू येतो. स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा जेमतेम दहा मिनिटे मिळतात. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला याच मार्गाने आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी बोलले. अंतराळवीर बोलणार असतील तेव्हा सोसायटीतल्या मुलांना मी गच्चीवर बोलावीन. ज्यांना परीक्षेची तयारी करायची असेल त्यांना शिकवायलाही तयार आहे, वयाची अट फक्त बारा वर्षे पूर्ण असावीत एवढी आहे.

हा विषय समितीच्या पुढच्या मासिक बैठकीत घ्यावा आणि त्याआधीच्या रविवारी सकाळी सदस्यांनी गच्चीवर यावे. पाइपची जागा, ताणांचे खांब आणि केबलचा मार्ग मी खडूने आखून ठेवतो. त्या बेवारशी डिश उतरवण्याची समितीने परवानगी दिली, तर त्याच दिवशी माझ्या खर्चाने त्याही उतरवून घेऊ.

कळावे,
आपला विश्वासू,
बी विंग, सातवा मजला
(सभासद)