रिलॅक्सर सोडताना सांधा सांभाळा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारे रसायन, वापरणे सोडून नैसर्गिक कुरळे केस स्ट्रेटनरने सरळ करू पाहणाऱ्यांसाठी थोडेसे. रिलॅक्सर केसातले डायसल्फाइड बंध, म्हणजे केसाला आकार देणारे मजबूत रासायनिक दुवे, कायमचे तोडतो. उष्णतेने फक्त हायड्रोजन बंध, म्हणजे तात्पुरते कमकुवत दुवे, सुटतात, म्हणून केस भिजले की कुरळेपणा परततो.

नवा केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. तो जुन्या सरळ केसाला जिथे भेटतो, तो सांधा सर्वांत नाजूक. विंचरताना तुटतो तो तिथेच. कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा.

स्ट्रेटनर पूर्ण कोरड्या केसांवरच फिरवावा. ओलसर केसात अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आतून फुगे धरतात आणि केस तिथेच मोडतो. चर्र आवाज आला की थांबायचे! आधी उष्णतारोधक सीरम, मग बोटभर रुंदीची बट, तापमान १५० ते १८० अंश सेल्सिअस, आणि एकच सावकाश फेरा. २३० पर्यंत जाणारी यंत्रे मिळतात, म्हणून तिथवर जायलाच हवे असे नाही. धुतल्यावरही एखादी बट सरळच राहिली, तर ती भाजली आहे. ती कापण्यावाचून उपाय नाही.

— एक केशरचनाकार