भेग बुजवण्याआधी ती वाचायला हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेने जर्जरित इमारतींना दिलेल्या नोटिसांच्या बातम्या आपल्या अंकात येतात. नेमक्या त्याच दिवसांत बडोद्यातल्या सोसायट्यांतून रंगाऱ्यांच्या परांच्या लागतात आणि भेगांमध्ये पुट्टी भरली जाते. मी आयुष्यभर काँक्रीटची कामे केली, त्यामुळे ही दोन दृश्ये शेजारी शेजारी पाहिली की जीव खालीवर होतो. ज्या खुणांवरून इमारतीची तब्येत कळते, त्याच खुणा आपण पैसे मोजून पुसून टाकतो.

आमच्याच सोसायटीतली गोष्ट सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एक दिवस मला वर बोलावले. “भाऊ, ही रेघ बघा. तीनदा पुट्टी भरून घेतली, दरवेळी दिवाळीपर्यंत पुन्हा येते.” दिवाणखान्याच्या बीमवर, कॉलमला लागून, हातभर लांबीची भेग होती. उभी नव्हती, तिरकी होती. खाली कॉलमच्या बाजूला सुरू होऊन वर बीमच्या मध्याकडे झुकत गेलेली. वरच्या घरात चौकशी केली तेव्हा कळले की त्यांनी बाथरूम मोठे करताना नेमकी त्या बीमवर विटांची नवी भिंत घेतली होती.

ही रेघ तिरकी आहे, यालाच मी इतके महत्त्व का देतो, ते सांगायला हवे.

काँक्रीट दाबाला खंबीर असते, पण ताणाला फार दुबळे, दाबाच्या साधारण एक दशांश. बीमवर वजन आले की तो वाकतो, वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. म्हणून खाली सळई घालतात. सळई ताण घेऊ लागते तेव्हा तिच्याभोवतीचे काँक्रीट थोडे तडकतेच. बीमच्या मधोमध, खालच्या अंगाला दिसणाऱ्या केसासारख्या उभ्या रेघा याच. आय.एस. ४५६ हे आपले मानक सर्वसाधारण ठिकाणी ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतची भेग चालवून घेते. तेव्हा प्रत्येक रेघ पाहून घाबरण्याचे कारण नाही.

वाकण्यातून येणारे अपयश सावकाश यावे, अशीच मुळात रचना केलेली असते. सळई मोजून, जरा हात राखून घालतात, म्हणजे वजन फार झाले तर आधी सळई ताणली जाईल, बीम डोळ्यांना दिसेल इतका झुकेल, भेगा रुंदावतील आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल. “साहेब, चार सळया जास्त टाका, मजबूत होईल,” असे घरमालक साइटवर हमखास म्हणत. बीममध्ये सळई प्रमाणाबाहेर झाली तर ती ताणली जाण्याआधी वरचे काँक्रीटच चिरडते, आणि तेही न सांगता. ही सूचना देण्याची सोय मला आरसीसी शास्त्रातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते.

तिरक्या भेगेत ही सोय नसते. आधाराजवळ वजन बीमला जणू कातरते, त्याला इंजिनियर शिअर म्हणतात, आणि तिथे पंचेचाळीस अंशांच्या आसपास झुकलेली भेग पडते. तिला आवर घालतात त्या रिंगा, म्हणजे बीमच्या लांब सळयांना वेढून बांधलेली लोखंडाची कडी. रिंगा विरळ असतील तर बीम फारसा न झुकता एकदम तुटतो. वहिनींच्या बीमची खोली सव्वा फूट. टेके लावून, सळईवरचे काँक्रीटचे आवरण खरवडून पाहिले तर रिंगा बारा-बारा इंचांवर. एवढ्या बीममध्ये मानकाप्रमाणे दहा इंचांच्या पुढे अंतर चालत नाही, आणि आधाराजवळ तर बहुधा त्याहून दाट लागतात. काम करणाऱ्याने लोखंड वाचवले, वरच्यांनी भिंत चढवली, आणि पुट्टीने तीन वर्षे दोघांना झाकले.

आमच्या कमिटीचे उत्तर होते, “रंगाचे कंत्राट दिले आहे, भेगा भरणे त्यातच येते.” त्या सज्जन माणसांवर माझा राग नाही, त्यांना कोणी कधी सांगितलेच नाही. मी इमारतीचे नकाशे मागितले तर मंजूर प्लॅन निघाला. त्यात खोल्या, जिना, पार्किंग सगळे होते, सळईचा एक आकडा नव्हता. बांधकामाचे स्ट्रक्चरल नकाशे ना कमिटीकडे, ना बांधणाऱ्याकडे. पन्नास कुटुंबे ज्यात झोपतात, त्याच्या पोटात काय आहे हे सांगणारा कागदच कुठे नाही.

आता गच्चीचे, म्हणजे आमच्या बडोदेकरी बोलीत अगाशीचे. तिथे सध्या बागा फुलवायची हौस आहे. वर्दळीच्या गच्चीवर माणसे-सामान यांसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो वजन धरलेले असते. एक फूट ओली माती तेवढ्याच जागेत साडेपाचशे किलोच्या आसपास भरते. शिवाय गळती थांबवायला दर आठ-दहा वर्षांनी जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा आणि चायना मोझेक. चार इंचांचा असा एक थर दोनशे किलोच्या घरात जातो. एकही माणूस वर चढण्याआधीच हिशेबातले सगळे वजन संपून जाते.

गॅलरी खोलीत घेण्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ते मी घरोघर पाहतो. चार फूट बाहेर आलेल्या गॅलरीच्या कडेला आठ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत घेतली की मीटरभर लांबीला सुमारे साडेपाचशे किलो वजन थेट टोकावर बसते. माणसांनी भरलेल्या गॅलरीसाठी जो वाकवणारा जोर धरलेला असतो, त्याच्या तिप्पट जोर ही एकटी भिंत लावते. त्यात गॅलरीची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. स्लॅब भरताना मजूर सळयांच्या जाळीवरून चालतात, सळई उचलून धरणारे टेकू, म्हणजे चेअर, नसतील तर ती खाली दबते. स्लॅबच्या तळापासून चार इंचांवर असायची ती अडीच इंचांवर आली, तर ताकद तिथेच जवळजवळ चाळीस टक्के गेली. बाहेरून काही दिसत नाही.

“इंजिनियर लोक वजन दीडपट धरतातच की,” असे मला अनेकदा ऐकवतात. ती दीडपट काँक्रीट कुठे नरम पडेल, सळई कुठे सरकेल, पाणी मारायला कोण विसरेल, यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. आमच्या बीममध्ये ती रिंगा बांधतानाच खर्च झाली होती. बागेसाठी तिच्यातले काही उरलेले नाही.

९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला, किमान वीस माणसे गेली. १९८५ पासून वापरात असलेला तो पूल. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशनचा सांधा चिरडला, असे प्राथमिक अहवालाच्या आधारे सरकारने सांगितले. अशा सांध्यात पुलाच्या एका गाळ्याचे, म्हणजे एका तुकड्याचे, टोक दुसऱ्याच्या टोकावर टेकलेले असते, तिथे काँक्रीटची खोली कापून निम्मी केलेली असते, फटीतून पाणी मुरत राहते आणि आत डोकावणे अवघड असते. तो सांधा गेला की भार घ्यायला दुसरा आधार उरत नाही. पूल हलतो, हे आसपासचे लोक आधीपासून सांगत होते. ज्यांना मानके ठाऊक नव्हती त्यांच्या अंगाला ते जाणवले होते. मला ही बाब अजून झोपू देत नाही.

संपादक महाशय, १८९० साली सयाजीराव महाराजांनी ज्या गावात तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढले, त्या गावात हे ज्ञान वर्गातच बसून राहू नये. माझी मागणी फार मोठी नाही. महापालिकेने इमारतीच्या मंजुरीसोबत स्ट्रक्चरल नकाशे जपून ठेवावेत आणि राहणाऱ्यांना मागताच प्रत द्यावी. जर्जरित इमारतीच्या नोटिशीत ‘दुरुस्ती करा’ एवढेच न लिहिता कोणता बीम, कुठली भेग, हे लिहावे. रंगाच्या कंत्राटातून बीम-कॉलमच्या भेगा भरण्याचे कलम सोसायट्यांनी आधी काढून टाकावे. शंका असेल तिथे हातोडीच्या आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या कराव्यात. त्यानेही उलगडा झाला नाही तर मानकात भार-चाचणी दिली आहेच. वाळूच्या पोत्यांनी, माणसे-सामानासाठी धरलेल्या वजनाच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवतात. तो काढल्यावर पुढच्या चोवीस तासांत स्लॅब किमान पंचाहत्तर टक्के परत वर यायला हवा.

आणि आपण पावसाळ्याच्या तोंडावर, नोटिसांच्या बातमीशेजारी, चार भेगांची चित्रे छापावीत: मधली उभी, आधाराजवळची तिरकी, गॅलरीच्या मुळाशी वरून पडलेली, आणि सळईच्या ओळीने धावणारी. ही शेवटची गंजाची असते. गंज लोखंडाच्या कित्येक पट फुगतो आणि आवरण ढकलून देतो. चित्रे काढून द्यायला मी तयार आहे.

वहिनींच्या बीमखाली सध्या लोखंडी टेके आहेत, वरची भिंत उतरवली आहे, दुरुस्तीचा आराखडा एक जाणकार इंजिनियर करत आहेत. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून मी शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. भेग हलली की काच तडकते. वहिनी रोज सकाळी देवपूजा झाली की ती पाहतात आणि मला हाक मारून सांगतात. कोणाच्या घरी अशी पट्टी लावायची असेल तर रविवारी सकाळी मी येईन, पैसे घेणार नाही. तोवर तिथे पुट्टी लावू नये, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
दांडिया बाजार, बडोदा