पन्नास पुलांच्या नोटेवरचा माणूस

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

आईच्या फोनवर तू तिकडच्या, बोत्सवानाच्या, पन्नास पुला किमतीच्या नोटेचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "हा चेहरा कोणाचा, बाबांना विचार." तीन वर्षांत तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट. महिनाभर मिळेल ते वाचलं, मगच लिहायला बसलो.

हे सेरेत्से खामा, बोत्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. जन्म १९२१, सेरोवे गावी. बांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. चार वर्षांचे असताना वडील गेले. चुलते त्शेकेडी यांनी गादीचा कारभार सांभाळला आणि पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. ऑक्सफर्डला शिकायला पाठवलं ते त्यांनीच. पुढे बॅरिस्टरीसाठी लंडनला असताना १९४७ साली त्यांना रूथ विल्यम्स भेटली. विम्याच्या कचेरीत कारकुनी करणारी इंग्रज मुलगी. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात नोंदणी पद्धतीनं लग्न झालं.

तिच्या वडिलांनी तिला घराबाहेर काढलं. इकडे चुलत्यांनी हे लग्न थांबवायला जंग जंग पछाडलं. त्यांचा संताप मला वाचतानाही ओळखीचा वाटला. लहानपणापासून जपलेलं पोर आपल्याला न विचारता एवढं मोठं पाऊल उचलतं, मग लोक काय म्हणतील, गादीचं काय होईल! सेरोवेच्या गावसभेत (तिला तिकडे कगोत्ला म्हणतात) आठ महिन्यांत तीनदा हा विषय निघाला. पहिल्या दोन्ही वेळा कौल विरुद्ध गेला. जून १९४९ च्या सभेत हजारो पुरुष सेरेत्सेंच्या बाजूनं उभे राहिले. लोकांचा निकाल लागला होता. त्शेकेडी गाव सोडून गेले.

मग इंग्रज सरकार आडवं आलं, कारण तो मुलूख तेव्हा त्यांच्या अंमलाखाली होता. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य नुकतंच आलं होतं, आणि तिथलं सोनं आणि युरेनियम इंग्रजांना हवं होतं. चौकशी समितीनं सेरेत्सेंना राज्य करायला सर्वथा लायक ठरवलं, पण गोऱ्या बायकोमुळे शेजारी बिथरेल म्हणून नकार दिला. तो अहवाल कित्येक वर्षं दडवून ठेवला. १९५० साली बोलणी करायला म्हणून त्यांना लंडनला बोलावलं आणि परत जाऊच दिलं नाही. रूथ तेव्हा दिवस गेलेली, सेरोवेत एकटी! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी परत उघडलं नाही.

हद्दपारी संपली १९५६ साली, आणि ती संपवायला पुढे आले कोण, तर त्शेकेडी. ते लंडनला गेले, पुतण्याबरोबर बसले, दोघांनी गादीवरचा हक्क सोडून साधे नागरिक म्हणून घरी परतायचं ठरवलं. १९५८ साली सेरेत्से आणि रूथला जुळे मुलगे झाले. एकाचं नाव त्यांनी त्शेकेडी ठेवलं.

गादी सुटली म्हणूनच कदाचित पुढचं घडलं. १९६२ साली त्यांनी पक्ष काढला, १९६५ च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा मिळवल्या आणि ३० सप्टेंबर १९६६ ला बेचुआनालँड स्वतंत्र होऊन त्याचं बोत्सवाना झालं. देश दुष्काळानं होरपळलेला, डांबरी रस्ते मोजून काही किलोमीटर. १९६५ पर्यंत कारभार चालायचा तोही सरहद्दीपलीकडच्या मॅफेकिंगमधून. तू राहतेस ते गाबोरोने शहर तेव्हा नुकतं बांधत होते.

पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, आणि तेही बांग्वाटोंच्या जमिनीत, म्हणजे सेरेत्सेंच्या स्वतःच्या जमातीच्या. त्याच वर्षीच्या कायद्यानं जमिनीखालचं सगळं धन देशाचं ठरवलं, कुठल्याही जमातीचं ठेवलं नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हे. शाळा, दवाखाने, रस्ते त्या पैशातून उभे राहिले. १९७६ साली विद्यापीठासाठी लोकांनी गाईगुरं, शेळ्या, धान्य दिलं. नवं चलन आलं तेही त्याच वर्षी. पुला म्हणजे पाऊस, हे तुला एव्हाना ठाऊक असेलच. १९८० साली, अवघ्या एकोणसाठाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच ते गेले.

त्शेकेडी १९५९ मध्येच लंडनला वारले होते. त्यांच्या नावाचा नातू तेव्हा जेमतेम वर्षाचा असेल.

सोनू, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी घरातच होतो. दाराला आतून कडी लावून बसलो होतो. आई एकटी आली. त्या दिवसाचं मला फार वाईट वाटतं.

काल पासपोर्टचा अर्ज भरला. फोटो दोनदा काढावा लागला. जावईबापूंना विचार, गाबोरोनेहून सेरोवेला गाडीनं किती वेळ लागतो. तिथल्या टेकडीवर खामांचं दफनस्थान आहे म्हणतात, ते बघायचं आहे. आई भाजणी आणि मेतकूट बांधतेय, आणखी काय आणू ते कळव.

तुझा,
बाबा