ड्राफ्ट म्हणजे दुबळ्या टीमला मदत? जुना हिशोब जरा वेगळा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या ड्राफ्टबद्दल लेख आला होता, छान होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की ही पद्धत पहिल्यापासून दुबळ्या टीमला वर आणण्यासाठीच आहे आणि म्हणून खेळातली सगळ्यात न्याय्य पद्धत आहे. ते वाचून चहा तसाच राहिला हो माझा. आज एखाद्याने असं म्हटलं तर एकवेळ चालेल, पण "पहिल्यापासून" हा शब्द काही पचला नाही. मी गेली कित्येक वर्षं हे जुने ड्राफ्ट वाचत बसतो, घरचे म्हणतात उद्योग नाही याला, तर म्हटलं निदान पत्र तरी लिहावं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नाही, इथे बोली लागत नाही, पाळी लागते. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांची नावं टीम आपापल्या पाळीने घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच त्या पोराने बोलायचं, दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. आता सांगा, यात फायदा कोणाचा? एकाच पोरामागे चार मालक लागले तर पगार वाढतो, एकच मालक असला तर तो म्हणेल तो भाव. दुबळ्याला आधी पाळी हे खरंच आहे, पण ते वरचं वेष्टण झालं, आतला माल हा की मालकांनी आपसात भांडून खर्च वाढवायचा नाही. ही आयडिया अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी 1936 ला आणली आणि बास्केटबॉलवाल्यांनी 1947 ला उचलली, तेव्हा लीगचं नाव बीएए होतं, 1949 ला दुसऱ्या लीगशी एकत्र होऊन एनबीए झालं. गंमत बघा, फुटबॉलच्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला पोरगा जे बरवँगर प्रोफेशनल एकही मॅच खेळला नाही, आणि बास्केटबॉलचा पहिला, टेक्सासचा क्लिफ्टन मॅकनीली, तोही नाही! ज्या पिट्सबर्ग आयर्नमेन टीमने त्याला घेतलं ती टीमच सीझन सुरू व्हायच्या आधी बंद पडली आणि हा गडी टेक्सासमध्ये शाळेच्या पोरांचा कोच झाला.

आता मुख्य मुद्दा, टेरिटोरियल पिक. 1949 पासून 1965 पर्यंत हा नियम होता आणि तुमच्या लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. नियम असा की तुमच्या स्टेडियमपासून 50 मैलांच्या आत एखादा कॉलेजचा हिरो असेल तर पहिल्या राउंडची पाळी सोडून द्या आणि त्याला सरळ उचला, कोणाची पाळी आधी आहे ते बघायचं कारण नाही. का, तर तेव्हा लीगची अवस्था बेताची होती, प्रोफेशनल मॅचपेक्षा कॉलेजच्या मॅचना गर्दी जास्त, मग ज्या पोराला गाव आधीच ओळखतं तो आपल्या टीममध्ये आला की तिकिटं खपणार. म्हणजे तिकीटखिडकीचा नियम हा, न्यायबिय काही नाही. दुबळी टीम लांब राहते आणि तगड्या टीमच्या अंगणातच चांगली कॉलेजं असतील तर बसा बोंबलत. फिलाडेल्फियाला असे एकामागोमाग मिळाले, पॉल अरिझिन 1950 ला, टॉम गोला 1955 ला, गाय रॉजर्स 1958 ला. आणि 50 मैल हे पण कसे ताणायचे बघा, जेरी लुकास कोलंबसच्या ओहायो स्टेटचा, सिनसिनाटी तिथून साधारण शंभर मैल, तरी 1962 ला सिनसिनाटीने त्याला टेरिटोरियल म्हणूनच घेतलं.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे विल्ट चेंबरलेन. पोरगा फिलाडेल्फियाचा, ओव्हरब्रुक हायस्कूलचा, सात फुटांच्या वर, पण कॉलेजला गेला कॅन्ससला, म्हणजे हजार मैलांहून लांब. फिलाडेल्फिया वॉरियर्सचा मालक एडी गॉटलीब म्हणाला की कॅन्ससच्या आसपास एनबीएची टीमच नाही, मग त्याच्यावर हक्क कोणाचा, तो शाळेत आमच्या गावात होता ना, मग आमचाच. आणि लीगने मान्य केलं! कॉलेजचा नियम शाळेला लावला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय. बरं विल्टने तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं तर त्याच्यासाठी नियम एकदम कडक, शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत यायचं नाही, म्हणून तो एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर फिरला आणि 1959 ला आला. पहिल्याच सीझनला मॅचमागे 37.6 पॉइंट्स, रुकी ऑफ द इयर म्हणजे नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम पण तोच आणि एमव्हीपी म्हणजे सगळ्या लीगमधला सर्वोत्तम पण तोच. म्हणजे मालकाला नियम रबरासारखा आणि खेळाडूला लोखंडी, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खेळाडूला विचारायची पद्धतच नव्हती. बॉब कूझीचं उदाहरण घ्या. 1950 चा ड्राफ्ट, हा होली क्रॉसचा, म्हणजे बॉस्टनच्या जवळचाच, आख्खं गाव म्हणतंय याला घ्या, पण बॉस्टनच्या सेल्टिक्स टीमचा नवा कोच रेड अवरबॅक काही ऐकेना, त्याला उंच माणूस हवा होता, त्याने चार्ली शेअरला घेतलं. कूझी गेला ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सकडे, मिसिसिपी नदीकाठची तीन छोटी गावं मिळून ती टीम. याला वूस्टरला ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं होतं, याने मागितले 10 हजार डॉलर, मालक 6 हजारावर अडला. नाही म्हणून जाणार कुठे, दुसरी कुठलीच टीम बोलू शकत नाही. मग त्याला शिकागो स्टॅग्सच्या गळ्यात मारलं, आणि शिकागोने तर गाशाच गुंडाळला. उरले तीन खेळाडू, मॅक्स झास्लोफ्स्की, अँडी फिलिप आणि कूझी, तीन टीमना हवा होता झास्लोफ्स्की, भांडण मिटेना, शेवटी तीन चिठ्ठ्या एका हॅटमध्ये टाकल्या. बॉस्टनच्या हाताला जी लागली ती कूझीची. त्यांना नको होता तो! त्याच कूझीबरोबर त्यांनी पुढे सहा चॅम्पियनशिप जिंकल्या. याला काय म्हणायचं, स्काउटिंग म्हणायचं की सिस्टिम म्हणायचं?

अवरबॅक मात्र त्यातून शहाणा झाला, पुढे त्याच्याइतका नियमांच्या फटी ओळखणारा दुसरा झाला नाही आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण हा धागा फार लोकांना माहिती नसतो. 1952-53 ला केंटकी युनिव्हर्सिटीची टीम बंदीमुळे खेळलीच नाही, त्यामुळे त्यांच्या तीन पोरांचं एक वर्ष खेळायचं शिल्लक राहिलं, पण ते ज्या बॅचचे होते ती बॅच पास झाली होती, म्हणजे कागदावर ते ड्राफ्टला चालत होते. अवरबॅकने 1953 ला तिघांनाही उचललं, फ्रँक रॅमसे, क्लिफ हेगन आणि त्यांचा तिसरा जोडीदार. पोरं परत कॉलेजला गेली, केंटकी त्या वर्षी एकही मॅच हरली नाही, 25-0, आणि हक्क मात्र बॉस्टनच्या खिशात. हेगन नंतर सैन्यात गेला, 1956 ला मोकळा झाला तोपर्यंत सेल्टिक्सकडून एकही मॅच खेळलेला नाही, आणि त्याच वर्षी बिल रसेल ड्राफ्टला. पहिली पाळी रॉचेस्टरची, त्यांनी रसेलला सोडून सिह्यूगो ग्रीनला घेतलं, कारण रसेल आधी मेलबर्न ऑलिंपिकला जाणार म्हणजे अर्धा सीझन गेला, पैसे जास्त मागणार, वगैरे वगैरे. दुसरी पाळी सेंट लुईसची, त्यांना अवरबॅकने एड मकॉली दिला, जो मूळ सेंट लुईसचाच, आणि वर हा हेगन दिला, आणि रसेल घेतला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी फटीतून काढलेलं नाणं इथे वटवलं. शिवाय त्याच ड्राफ्टला टॉम हाइनसन टेरिटोरियलमधून, आणि केसी जोन्स दुसऱ्या राउंडला. रसेलने 13 सीझनमध्ये 11 चॅम्पियनशिप जिंकल्या. दुबळ्याला मदत ना? सेंट लुईसला अगदीच मूर्ख म्हणू नका हां, 1958 ला त्यांनी बॉस्टनलाच हरवून चॅम्पियनशिप घेतली, हेगन त्यांच्याकडे होता.

निवड कशी व्हायची तर टेलिफोनवर आणि ओळखीवर. 1957 ला अवरबॅकने सॅम जोन्सला पहिल्या राउंडमध्ये घेतला तो एका ओळखीच्या कोचच्या शब्दावर, स्वतः त्याला कधी खेळताना बघितलंच नव्हतं. कृष्णवर्णीय पोरांची कॉलेजं तर टीमच्या नकाशावरच नव्हती, 1950 ला चक कूपर हा ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, म्हणजे पहिली तीन वर्षं एकही नाही. राउंडना तर अंतच नसायचा, साठच्या दशकात वीसवीस राउंड चालायचे, 1974 पासून दहा केले, आज फक्त दोन आहेत. शेवटी शेवटी कंटाळून गंमत म्हणून पण नावं घ्यायचे, 1984 ला शिकागोने दहाव्या राउंडला धावपटू कार्ल लुइसचं नाव घेतलं. पण 1977 ला न्यू ऑर्लिन्स जॅझने सातव्या राउंडला लुसिया हॅरिसला घेतलं, ती मात्र नुसती गंमत नव्हती, ती बाई डेल्टा स्टेटची खरी जबरदस्त खेळाडू होती, ती गेली नाही ट्रायआउटला, तेव्हा तिला दिवस गेले होते.

टेरिटोरियल गेल्यावर 1966 पासून काय आलं तर छापा-काटा. लीगच्या ईस्ट गटातली सगळ्यात खालची टीम आणि वेस्ट गटातली सगळ्यात खालची, दोघांमध्ये नाणं उडवायचं. 1969 ला मिलवॉकी आणि फिनिक्स, दोन्ही टीमचं पहिलंच वर्ष संपलेलं, आणि बक्षीस कोण तर ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. फिनिक्सने चाहत्यांची मतं मागवली, लोक म्हणाले छापा, पडला काटा. मिलवॉकी दोन वर्षांत चॅम्पियन झाली आणि फिनिक्सला मिळाला नील वॉक. दहा वर्षांनी 1979 ला शिकागोने पण चाहत्यांना विचारलं, लोक पुन्हा छापाच म्हणाले आणि पुन्हा काटाच पडला, मॅजिक जॉन्सन लॉस एंजेलिसच्या लेकर्सला. बरं लेकर्स कुठे तळाला होते, ती पाळी मुळात न्यू ऑर्लिन्सची, गेल गुडरिचला घेतल्याची भरपाई म्हणून लेकर्सकडे आलेली.

आणि पगाराचं म्हणाल तर तो ड्राफ्टने वाढवला नाही, दुसऱ्या दुकानाने वाढवला. 1967 ला एबीए नावाची दुसरी लीग निघाली, त्यांचाही ड्राफ्ट वेगळा, मग पोरांकडे दोन दारं झाली आणि भाव चढले. स्पेन्सर हेवूड तर कॉलेज अर्धं सोडून एबीएत गेला, एका वर्षात तिथला एमव्हीपी झाला, मग 1970 ला सिॲटलने त्याला एनबीएत आणला तर तोच चार वर्षांचा नियम आडवा, तोच जो विल्टला आडवा आला होता. विल्ट गप्प बसला होता, हा कोर्टात गेला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि मार्च 1971 ला निकाल त्याच्या बाजूने लागला. तरी लीगने खुटी मारलीच, म्हणे लवकर यायचं तर घरची परिस्थिती हलाखीची आहे हे दाखवा, ती अट 1976 पर्यंत चालली. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता, त्याने 1970 ला केस टाकलेली, ती पण 1976 ला मिटली आणि त्यात ठरलं की ड्राफ्ट केलेल्या पोरावर टीमचा हक्क एकच वर्ष, सही नाही केली तर तो पुढच्या ड्राफ्टला मोकळा.

याचा पहिला मोठा फायदा कोणाला झाला तर लॅरी बर्डला. 1978 ला अवरबॅकने पुन्हा तीच 1953 ची युक्ती केली, बर्डचं कॉलेजचं एक वर्ष बाकी पण बॅच पास झालेली, सहाव्या नंबरवर उचलला आणि एक वर्ष थांबला. फरक एवढाच की हेगनला विचारायची गरज नव्हती आणि बर्डला होती, कारण त्याने सही केली नसती तर पंधरा दिवसांत तो दुसऱ्याचा झाला असता. जून 1979 ला पाच वर्षांचे साडेबत्तीस लाख डॉलर घेऊन त्याने सही केली, रुकीला तोपर्यंत एवढे कोणी दिले नव्हते.

तुमच्या लेखातलं 1985 च्या लॉटरीचं, म्हणजे पाकिटं काढून पाळी ठरवायच्या पद्धतीचं, कौतुक पण थोडं तपासा. 1984 ला ह्यूस्टन नाणेफेकीसाठी मुद्दाम हरतंय अशी बोंब झाली म्हणून लॉटरी आली हे बरोबर, पण पहिल्याच लॉटरीत सात पाकिटं, सगळ्यांना सारखी संधी, आणि ज्या गोल्डन स्टेटच्या टीमने 82 पैकी 60 मॅच हरल्या होत्या तिची पाळी सातवी, म्हणजे त्यातली शेवटची निघाली. पहिलं पाकीट न्यूयॉर्कचं, पॅट्रिक यूइंग तिकडे. तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा "पहिल्यापासून" हा शब्द तेवढा काढा, आणि चौकटीत टेरिटोरियल पिकला दोन ओळी द्या, जागा नसेल तर तो भलामोठा फोटो लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक